शाळा कोणासाठी, कशासाठी?

मस्कतमध्ये चार मराठी कुटुंबं जमली की गप्पा फिरून फिरून मुलांच्या मार्कांवर येतात. बोर्डाला किती, क्लास कुठला, आयआयटी की मेडिकल? शाळा म्हणजे नोकरीपर्यंत नेणारी बस, असं आपण धरूनच चालतो. मला हे पटत नाही.

आपण राहतो त्या देशाचंच पाहा. 1970 साली सगळ्या ओमानमध्ये आधुनिक शाळा अवघ्या 3; विद्यार्थी सुमारे 900, सगळे मुलगे. सुलतान काबूस गादीवर आले आणि इमारतींची वाट न पाहता तंबूंत, झाडांखाली वर्ग भरू लागले. शिक्षक इजिप्त-जॉर्डनहून आले. देश चालवायला शिकलेली माणसं हवीत हा हिशेब त्यामागे होताच. पण माझे एक वयस्कर ओमानी सहकारी सांगतात, त्यांच्या आईने चाळिशीनंतर साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली. तिला कुठे नोकरी करायची होती? मुलाचं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये, एवढंच हवं होतं. त्यावर झालेला सरकारी खर्च वाया गेला, असं मला म्हणवत नाही.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे हेच मांडलं. तिजोरी भरतो शेतकरी, आणि पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर! 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी-बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची तोंडओळख, नीती व आरोग्यही घालायला सांगितलं. म्हणजे कारकून तयार करणं हा हेतू नव्हताच. ज्याच्या कष्टावर शाळा चालते त्याला स्वतःचं भलं-बुरं कळावं, हा होता. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

आपल्यापैकी पुष्कळजण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून इथवर आलो. माझ्या गावच्या शाळेचा पट आता रोडावला आहे. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत नेते. मागे उरतात ती, ज्यांच्या आईबापांना व्हॅनचे पैसे झेपत नाहीत. अशा शाळेसाठी गावात भांडणार कोण?

गेल्या सुट्टीत यावरून चुलतभावाशी तासभर वाद झाला. शेवटी तो म्हणाला, "दादा, तुझी पोरं कुठल्या शाळेत?" इथल्या सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या, म्हणून आपण फी भरून इंडियन स्कूलमध्ये घालतो, असं मी सांगितलं. उत्तर खरं होतं, पण त्याचं समाधान काही झालं नाही.