सावधगिरी आणि पुरावा

न्यायव्यवहारात एक जुना प्रश्न आहे. मनुष्यास संरक्षण मागण्याचा अधिकार नुकसान झाल्यावर प्राप्त होतो, की नुकसान होणार असे स्पष्ट दिसू लागताच? शेजाऱ्याने आपल्या भिंतीच्या पायालगत खोल चर खणावयास आरंभ केला असता, 'आधी भिंत कोसळू द्या, मग भरपाईची फिर्याद लावू', असा सल्ला कोणताही वकील आपल्या पक्षकारास देणार नाही. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टाच्या ३८ व्या कलमात, हक्कावर आक्रमण झाले असेल तेव्हा आणि आक्रमण होण्याचा धोका उभा असेल तेव्हाही, कायमचा मनाई हुकूम मागण्याची सोय आहे. धोका हाही पुराव्याने सिद्ध करता येतो, हे न्यायालयांनी केव्हाच मान्य केले आहे. भिंतीच्या बाबतीत जे सर्वांस पटते ते मनुष्याच्या देहाच्या बाबतीत मात्र सहजी पटत नाही, असे अलीकडे वैद्यकीय विम्याचे काही नियम वाचताना माझ्या ध्यानात आले. त्यांतील एकाचा विचार येथे करावयाचा आहे.

मधुमेही मनुष्याच्या दंडावर किंवा पोटावर एक लहानशी चकती चिकटवितात. तिला जोडलेला केसासारखा तंतू त्वचेखाली राहतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो. डॉक्टर या साधनास कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर म्हणतात. रुग्णमंडळी नुसते 'सेन्सर' म्हणतात. सामान्यतः दहा-पंधरा दिवसांनी चकती बदलावी लागते आणि तेथेच खर्चाचा प्रश्न उद्भवतो. बोटास सुई टोचून ग्लुकोमीटरवर जो आकडा मिळतो तो त्या क्षणापुरता असतो. साखर चढते आहे की उतरते आहे, आणि किती वेगाने, हे त्यावरून कळत नाही. सेन्सर ते दाखवितो. बहुतेक यंत्रे तर साखर फार उतरू लागली की झोपलेल्या माणसास घंटा वाजवून उठवितात.

या घंटेचे मोल इन्सुलिन घेणारासच ठाऊक. औषध थोडे अधिक झाले, जेवण थोडे लांबले, चालणे थोडे वाढले, की रक्तातील साखर एकाएकी खाली येते. प्रथम घाम सुटतो, हात कापतात, छातीत धडधडते. तेवढ्यात चमचाभर साखर तोंडात पडली तर निभावते. न पडली तर बुद्धीस भ्रम होतो, झटके येतात, शुद्ध हरपते आणि क्वचित् प्राणही जातो. त्यातून निसर्गाचा एक क्रूर नियम असा, की साखर वारंवार उतरू लागली म्हणजे घाम व कंप या पूर्वसूचनाच क्षीण होत जातात. ज्याला सूचनेची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती मिळेनाशी होते. हे ध्यानात ठेवावे. पुढे पुराव्याचा प्रश्न येईल तेव्हा याचे काम पडणार आहे.

अमेरिकेत पासष्ट वर्षांपुढील नागरिकांसाठी १९६५ साली 'मेडिकेअर' ही सरकारी विमायोजना कायद्याने स्थापन झाली. सेन्सरच्या जातीच्या पहिल्या यंत्रास तेथील औषध प्रशासनाची मान्यता १९९९ मध्ये मिळाली. तथापि त्यानंतर कित्येक वर्षे मेडिकेअर त्यासाठी पैसे देण्यास तयार नव्हती, आणि नकाराचे कारण एका शब्दात सामावले होते: हे साधन 'प्रिकॉशनरी', म्हणजे केवळ सावधगिरीचे आहे.

या शब्दाचा उगम पाहिला पाहिजे, नाहीतर त्या अधिकाऱ्यांवर अन्याय होईल. मूळ कायद्यात व्याधीच्या वा इजेच्या 'निदानासाठी किंवा उपचारासाठी' जे वाजवी व आवश्यक असेल त्याचे पैसे द्यावेत, असे म्हटले आहे. रोगप्रतिबंधाचा त्यात उल्लेख नाही; लशी वगैरे गोष्टी पुढे स्वतंत्र तरतुदींनी आत आल्या. शिवाय घरी वापरावयाचे उपकरण 'मुख्यतः व रूढ रीतीने' वैद्यकीय प्रयोजनाचे असावे, अशीही अट आहे. सेन्सरचा आकडा पाहूनही इन्सुलिनची मात्रा ठरविण्यापूर्वी बोट टोचून खात्री करावी, अशी जुन्या यंत्रांविषयीची सूचना होती. तेव्हा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा, की उपचार ग्लुकोमीटरवरून होतो आणि सेन्सर नुसता जोडीला असतो. अक्षरास धरून चालणारास हे पटण्याजोगे आहे. परंतु त्याच कायद्याने मधुमेह्याचा ग्लुकोमीटर स्पष्ट नाव घेऊन मान्य केला आहे. दिवसातून चार वेळा मोजणे हा उपचाराचा भाग, आणि दिवसभर मोजीत राहणे ही नुसती सावधगिरी, हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे?

१२ जानेवारी २०१७ च्या निर्णयाने ही भिंत अर्धी पडली. ज्या यंत्राच्या आकड्यावर बोट न टोचता औषध ठरविण्यास मान्यता मिळाली आहे ते 'उपचारात्मक', आणि त्याचे पैसे मिळतील, असे ठरले. बाकीची यंत्रे सावधगिरीचीच राहिली. मॅसॅच्युसेट्समधील संघीय जिल्हा न्यायालयाने २०१८ मध्ये जुन्या भूमिकेवरील अशाच एका नकाराविरुद्ध रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये नियमच बदलला आणि २८ फेब्रुवारी २०२२ पासून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांनाही उपकरणाचा दर्जा मिळाला. एका विशेषणाचा निकाल लागावयास इतका काळ जावा लागला.

विशेषण गेले, पण वृत्ती गेली नाही. ती अटींच्या रूपाने राहिली. २०१७ च्या नियमाप्रमाणे रुग्णाने दिवसातून निदान तीन वेळा इन्सुलिन टोचून घेतले पाहिजे किंवा पंप वापरला पाहिजे, आणि दिवसातून चार किंवा अधिक वेळा बोट टोचून साखर मोजत असल्याचे दाखविले पाहिजे. आता याच योजनेत इन्सुलिन घेणाऱ्यास ग्लुकोमीटरच्या पट्ट्या सामान्यतः तीन महिन्यांस ३०० मिळत, म्हणजे दिवसाला तीनहून किंचित अधिक. त्याहून जास्त हव्या असल्यास डॉक्टरची वेगळी नोंद लागे. एक हात तीन पट्ट्या देतो आणि दुसरा हात चार वापरल्याचा हिशेब मागतो, असा हा कारभार होता. ही अट १८ जुलै २०२१ रोजी रद्द झाली. आणखी एक गंमत अशी, की आरंभी रुग्णाने सेन्सरचे आकडे स्वतःच्या मोबाइलवर पाहिले तर पैसे नाकारले जात. मोबाइल काही वैद्यकीय उपकरण नव्हे ना! परगावी असलेल्या मुलाला आईची साखर उतरल्याची घंटा ऐकू येण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला होता. जून २०१८ मध्ये तो उघडला.

१६ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला नियम पूर्वीपेक्षा पुष्कळ उदार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कोणत्याही प्रकारचे इन्सुलिन घेणारा त्यात बसतो. इन्सुलिन न घेणारा, परंतु गोळ्यांनी ज्याची साखर धोकादायक रीतीने उतरते, त्यालाही दार उघडे आहे. मात्र त्याने घटनेचा पूर्वेतिहास दाखविला पाहिजे. औषधोपचारात एकाहून अधिक वेळा फेरबदल करूनही साखर ५४ मिलिग्रॅमच्या खाली एकाहून अधिक वेळा गेली असावी. किंवा निदान एकदा तरी ती ५४ च्या खाली जाऊन शुद्धीवर वा शरीरावर असा परिणाम झालेला असावा, की दुसऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी लागली.

ही वाक्ये वकिलाच्या नजरेने पुन्हा वाचावीत. ५४ च्या खाली आकडा हवा. पण भ्रमिष्ट अवस्थेत बोट टोचून आकडा कोण घेणार? दुसऱ्या व्यक्तीची मदत हवी; पण एकटी राहणारी वृद्धा रात्री पडली आणि पहाटे स्वतःच शुद्धीवर आली, तर तिचा साक्षीदार कोण? जिच्या घरात कोणी नाही तिला धोका सर्वांत अधिक, आणि पुरावा सर्वांत कमी. ज्याच्या शरीराने सूचना देणेच सोडले आहे त्याला तर कितीदा साखर उतरली हेच ठाऊक नसते. तो डॉक्टरास काय सांगणार? ही माहिती देऊ शकेल असे साधन एकच, आणि ते मिळण्यापूर्वी ती माहिती सादर करावयाची आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या शिफारशींतही अटी होत्याच. त्या मुख्यतः दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी असल्याने एका अंगाने अधिक संकुचितही होत्या. पण साखर उतरल्याची जाणीव मंदावणे, किंवा अपंगत्वामुळे बोट टोचून मोजता न येणे, ही कारणेही त्यांत स्वतंत्रपणे धरलेली होती. तेथे घटनेबरोबर अवस्थेसही पुरावा मानले आहे. आणि माझ्या मते वादाचा सारा मर्म येथेच आहे.

या व्यवस्थेत डॉक्टरचीही कुचंबणा होते. औषधयोजना हा त्याचा धर्म. पण येथे त्याला पुराव्याचा कारकून व्हावे लागते. यंत्राची चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत भेट झालेली असावी, पुढेही दर सहा महिन्यांनी व्हावी, आणि प्रत्येक अट टिपणात उतरलेली असावी. उत्तम तपासणारा पण थोडके लिहिणारा डॉक्टर ज्याच्या वाट्यास आला, त्याचा दावा फेटाळला जाण्याची भीती. दुसऱ्या बाजूस, मार्च २०२४ मध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांस चिठ्ठीवाचून विकत घेता येणाऱ्या पहिल्या सेन्सरला तेथे परवानगी मिळाली. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला दाखला मागत नाहीत. मात्र साखर उतरल्याची घंटा त्या यंत्रात नाही, म्हणून ज्यांची साखर धोकादायक रीतीने उतरते त्यांनी ते वापरू नये, असे औषध प्रशासनानेच बजावले आहे.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी नाही. विमानिधी हा सर्वांचा सामायिक पैसा आहे. प्रत्येक मधुमेह्याच्या दंडावर चकती लावावयाची म्हटले तर तो इतर रुग्णांच्या वाट्याचा खर्च होईल. शिवाय केवळ पथ्यावर किंवा साध्या गोळ्यांवर असणारास तिचा लाभ इन्सुलिन घेणाऱ्याइतका नाही. तेव्हा कोठे तरी रेषा ओढलीच पाहिजे. माझा आक्षेप रेषेस नाही, ती कशावर ओढली याला आहे. घटना सिद्ध करता येते तसा धोकाही सिद्ध करता येतो. साखर एकाएकी उतरविणाऱ्या गोळ्या कोणत्या हे सर्वश्रुत आहे; रुग्णाचे वय, मूत्रपिंडाची स्थिती, तो एकटा राहतो की कसे, हे सारे कागदावर असते. त्यावरून योग्यायोग्य ठरविणे म्हणजे खजिन्याचे दार सताड उघडणे नव्हे.

सागरी विम्याचा कायदा याबाबत अधिक शहाणा आहे. इंग्लंडच्या १९०६ च्या आणि आपल्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमानुसार, नुकसान टाळण्यासाठी वा कमी करण्यासाठी वाजवी उपाय योजणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे. आणि करारात तसे कलम असल्यास त्या उपायांचा खर्च विमा कंपनीने द्यावयाचा असतो, इतकेच नव्हे तर पुढे सर्व माल बुडून पूर्ण भरपाई दिली तरीही. यावर कोणी म्हणेल, की हे वादळ उठल्यानंतरचे झाले. जहाजाची नित्याची डागडुजी मालकाने आपल्या खर्चाने करावी. हा भेद खरा आहे. पण रोज दोनतीनदा इन्सुलिन टोचणाऱ्याच्या किंवा साखर खाली ओढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत वादळ केव्हा उठले म्हणावयाचे? त्याचे जहाज बंदरात कधी असतेच कोठे?

आपल्याकडे तर हा वाद अद्याप सुरूही झालेला नाही. आपल्या बहुतेक वैद्यकीय विमापत्रांचा पाया रुग्णालयात निदान २४ तास दाखल होणे हा आहे. २०१८ साली आरंभलेली आयुष्मान भारत योजनाही मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठीच आहे. सेन्सर मधुमेही स्वतःच्या पैशाने घेतो आणि प्रत्येक चकतीस काही हजार रुपये मोजतो. साखर उतरून बेशुद्ध पडलेल्याचे रुग्णालयाचे बिल कंपनी देईल. तो पडू नये म्हणून लागलेला खर्च सामान्यतः देणार नाही. विमा उतरविताना मात्र हीच कंपनी भविष्याकडे डोळे लावून बसते. मधुमेह आहे असे कळताच हप्ता वाढवू शकते. आधीच्या रोगासाठी ठरावीक काळ थांबावयास लावू शकते, आणि तो काळ नियामकांनी २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ वर आणला आहे. घेताना संभव हा पुरावा, आणि देताना घटना हाच पुरावा, अशी ही दोन मापे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक आढळली, आणि प्रमाण सर्वांत अधिक गोव्यात, २६.४ टक्के. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी एकादशीचा उपवास आणि सकाळची नित्याची गोळी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळल्या जातात, त्यांना हा विषय परदेशचा वाटू नये.

बडोदे, हैदराबाद, गोवा येथील कित्येक कुटुंबांतील वडीलमंडळी मुलांपाशी अमेरिकेत राहून आता मेडिकेअरच्या छायेत आली आहेत. नियम आहे तोवर त्याच्याशीच व्यवहार करावा लागणार. तेव्हा त्यांनी एक साधी वही ठेवावी. साखर उतरल्याचा दिवस, वेळ, आकडा, काय खाल्ले, कोणते औषध किती वाजता घेतले, आणि त्या वेळी जवळ कोण होते, हे त्याच दिवशी टिपावे. आणि पुढील भेटीत त्या नोंदी डॉक्टरांच्या टिपणात उतरल्या की नाही, हे दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी विचारून घ्यावे.