मूर्ती बाधते कधी?

भाद्रपदात करी रोड स्थानकाचा जिना उतरून लालबागच्या राजाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसावर एक जुना ग्रीक शब्द आरोप ठेवतो. ‘एइडोलॉन’ हा तो शब्द. इंग्रजीत त्याचा आयडॉल झाला, फ्रेंचमध्ये इदोल, पोर्तुगीजमध्ये ईदोलु. मुळात त्याचा अर्थ छाया, आभास. होमरच्या काव्यात मृतांच्या सावल्यांना तो लावलेला आहे. ज्यूंचे धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरले तेव्हा तो परक्यांच्या देवमूर्तींना चिकटला. पुढे ख्रिस्ती चर्चने आपल्या पवित्र चित्रांसाठी ‘एइकॉन’ हा वेगळा शब्द राखला, आणि तरीही बायझंटाइन साम्राज्यात ती चित्रं फोडावीत की पुजावीत यावर शतकभर रणं माजली. 787 साली निकीयाच्या धर्मसभेने निवाडा दिला : चित्राला दिलेला मान चित्रापाशी थांबत नाही, तो ज्याचं चित्र आहे त्याला पोहोचतो. हाच निकष आपल्या गणपतीला लावला तर काय दिसतं?

पार्थिव पूजेचा विधी नीट पाहावा. दूर्वेने मूर्तीचे डोळे आणि हृदय स्पर्शून प्राणप्रतिष्ठा होते. तोवर ती माती असते. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवली की ती पुन्हा माती होते आणि पाण्यात जाते. देव येतो, राहतो, जातो. शाडूशी त्याचं लग्न लागलेलं नाही. मूर्ती म्हणजेच देव असं समजणाऱ्या समाजाने दरवर्षी देव बुडवण्याचा विधी रचलाच नसता. म्हणून माझं म्हणणं असं की, दोष मूर्तीत नसतो. ती हातची सोडवत नाही, तेव्हाच ती बाधते.

यावर कुणी म्हणेल, हे पोथीतलं झालं. रांगेत उभा असलेला माणूस ‘हाच राजा नवसाला पावतो’ म्हणूनच येतो, गल्लीतला गणपती ओलांडून. आक्षेप खरा आहे. देव सर्वत्र एकच असेल, तर एका मंडपातला जास्त पावणारा आणि दुसऱ्यातला कमी, हा हिशेब मूर्तीचा झाला, देवाचा नव्हे. पण नवस मुळातच खोटा, असं यातून निघत नाही. लालबागमधल्या पेरूचाळीचा बाजार बंद पडल्यावर तिथल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि 1934 साली हाच गणपती बसला. त्या नवसात मागणं सगळ्यांचं होतं आणि फेड म्हणजे कृतज्ञता होती. सौदा सुरू होतो तो पावला नाही तर देव बदलायची तयारी मनात असते तेव्हा.

मग मूर्तीच नको, हा दुसरा पक्ष. 1867 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तो प्रामाणिकपणे आचरला. पण तेवढ्याने सुटका होत नाही. फ्रान्सिस बेकनने 1620 साली हाच ग्रीक शब्द लॅटिनमधून मनातल्या भ्रमांना लावला : माणूस कल्पनेचीही मूर्ती घडवतो आणि तिला शेंदूर फासतो. ‘निराकारच खरा’ हा हट्टसुद्धा अशी मूर्ती होऊ शकतो, राष्ट्र होऊ शकतं, पुढारी होऊ शकतो. आणि यांपैकी कशालाही अनंत चतुर्दशी नसते. मातीच्या गणपतीला ती आहे, म्हणून तो त्यांच्याहून कमी धोक्याचा.