कष्ट पूजा कधी होतात? सोलापूरच्या मातीतला एक जुना प्रश्न

सोलापूर जिल्हा महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवर, कर्नाटकाला लागून, भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यात पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४३ लाखांवर गेली. जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. पाणी अडवणे, साठवणे आणि वाटणे यांवरच येथले जगणे उभे आहे. त्यामुळे कष्ट आणि भक्ती यांचे नाते कोणते, हा प्रश्न या भागात मठाबाहेर आला. तळ्याच्या काठावर, मळ्यात आणि पुढे मागावरही विचारला गेला.

त्याची सर्वांत धारदार मांडणी बाराव्या शतकातली आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे शिवयोगी सिद्धराम, यांनी तेव्हाच्या सोन्नलगीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि अनुयायांच्या श्रमातून मोठे तळे खोदवले. याच तळ्यात आज त्यांचे मंदिर उभे आहे. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात शिवशरण अल्लमप्रभू आणि सिद्धराम यांच्या भेटीचा प्रसंग येतो. अल्लमप्रभू तळ्याच्या कामावर येतात आणि सिद्धरामांना दगडमाती उपसणारा वड्डर म्हणून हाक मारतात. कामकरी भक्त चिडतात, दगड भिरकावतात. वाद शमल्यावर मूळ मुद्दा पुढे येतो: देवळे बांधून आणि तळी खोदून पुण्य साठेल, पण त्याने मुक्ती मिळेल काय?

हा आक्षेप हलका नाही. सत्कृत्य करणाऱ्याच्या मनात ‘मी केले’ ही भावना मुरते. लोकांना पाणी मिळते, पण करणाऱ्याचे लक्ष आपल्याच कीर्तीकडे लागते. सिद्धरामांनी हा आक्षेप मानला, ते कर्नाटकातल्या कल्याणला गेले आणि शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्यात सामील झाले. लोकांनी मात्र त्यांना तळे खोदणारे म्हणूनच स्मरणात ठेवले, आणि लोकांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. शरणांच्या विचारात या पेचाची उकल आहे. तेथे कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, एकटे येत नाही. दासोह, म्हणजे श्रमाचे फळ समाजाला वाटणे, त्याच्या जोडीला असते. फळ वाटून टाकले की ‘मी’ला धरून ठेवायला काही उरत नाही. तळ्याचे पाणी जो येईल तो भरतो, म्हणून तळे खोदण्यात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. हा विचार मांडणारे महात्मा बसवेश्वर कल्याणला जाण्यापूर्वी याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात राजा बिज्जलाच्या चाकरीत होते.

वारकरी परंपरेने हाच विषय आपल्या पद्धतीने हाताळला. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहत राहिले. पंढरपूर फार दूर नसताना ते तेथे गेले नाहीत आणि देवच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. इतकेच ऐकले तर सगळे सोपे वाटते. पण मंगळवेढ्याच्या चोखोबांची कथा त्याच्या शेजारी ठेवावी लागते. गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून ते गेले, असे परंपरा सांगते, वर्ष १३३८. माळ्याचे श्रम त्याच्या स्वतःच्या मळ्यात होते. चोखोबा ज्या समाजात जन्मले त्याच्या वाट्याला गावाची सक्तीची कामे होती, आणि ज्या देवासाठी ते झुरले त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. लादलेल्या श्रमाला पूजा म्हणणे हा श्रमिकावरचा दुसरा अन्याय आहे.

दुष्काळांनी हा भेद वारंवार उघडा केला. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी सरकारची धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, ही कथा घराघरात आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांधाच्या कामांवर गेली. तेव्हाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना बळकट झाली आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क ठरला. दामाजीपंतांच्या औदार्याकडून नागरिकाच्या हक्कापर्यंतचा हा प्रवास धर्मविचारातही मोलाचा आहे. हक्काचे काम माणूस मान वर करून करतो.

पाणी नसलेल्या शिवारातही या भूमीने भरभरून दिले आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल मातीत रब्बीची ज्वारी मुरलेल्या ओलाव्यावर येते. मालदांडी ज्वारीचा एम ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडला. हलक्या माळावर डाळिंब रुजले. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे.

शहर कापडावर वाढले. पहिली गिरणी १८७७ ची. तिच्या पाठोपाठ तेलुगू पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्यांचे हे कामगार शहर घडले. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे याच मिश्र वस्तीतले. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. पुढे गिरण्या बंद पडल्या. चादरी आणि टॉवेल यंत्रमागावर निघू लागले. तेलुगू घरांतल्या हजारो स्त्रिया विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, तंबाखूची धूळ मात्र दिवसभर श्वासात जाते. या बायकांची चिकाटी वंदनीय आहे. पण त्यांच्या कष्टांचे फळ त्यांच्याकडे किती परत येते, हे विचारल्याशिवाय त्या चिकाटीचे गोडवे गाऊ नयेत.

फळ वाटण्याचा सर्वांत मोठा प्रश्न आज उजनी धरणाचा आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा. या पाण्यावर ऊस आला आणि जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी झाली. शेतकऱ्याला उसाने खात्रीचा पैसा दिला, हे नाकारता येणार नाही. तरीही कमी पावसाच्या प्रदेशात सर्वांत तहानलेले पीक फोफावले. सोलापूर शहराला मात्र वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाचे पाणी मिळाले. कालव्याच्या शेवटच्या टोकावरचा शेतकरी पाळीची वाट पाहत राहिला. अल्लमप्रभूंनी तळे खोदणाऱ्याला विचारलेला प्रश्न आता पाणी वापरणाऱ्याला विचारायला हवा. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे. पाणीवाटपाच्या बैठकांत दर वर्षी तो पाळला जाईल, एवढा आग्रह सोलापूरकरांनी धरावा.