नकार तरी कळवा

गाणगापूरच्या दत्ताला घातल्या जाणाऱ्या साकड्यांत नोकरीचं साकडं फार जुनं आहे. कलबुर्गी, बिदर, सोलापूर, धाराशिवकडची पोरं आईवडिलांसोबत येतात, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतात, निर्गुण पादुकांपुढे डोकं टेकवतात. नोकरी लागावी हे मागणं असतंच. पण मुलाखत देऊन आलेल्यांचं मागणं त्याहून लहान असतं. काय तो निकाल एकदाचा लागू दे, एवढंच. हे लहानसं मागणं देवापुढे करावं लागतं, याचा मला संताप येतो. कारण ते पुरं करणं एखाद्या कचेरीत बसलेल्या माणसाच्या हातात असतं, आणि त्याला त्यासाठी फार तर दोन ओळी लिहाव्या लागतात.

अफझलपूर तालुक्यातल्या पदवीधराला पुण्याची मुलाखत केवढ्याला पडते ते बघा. देवळापासून गाणगापूर रोड स्टेशन वीसेक किलोमीटर. तिथून सोलापूरमार्गे रात्रीचा प्रवास, बहुधा जनरलच्या डब्यात. सकाळी हडपसरला नाहीतर हिंजवडीला कुणा गाववाल्याच्या खोलीवर आंघोळ. इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पिशवीत सगळ्यात वर ठेवलेला, फायलीत मार्कलिस्टच्या झेरॉक्स. घरात मराठी, शाळेत कन्नड असं शिकलेलं पोर तिथे इंग्रजीत स्वतःबद्दल सांगतं. अ‍ॅप्टिट्यूड झाली, टेक्निकल झाली, एचआरचा राउंड झाला. ‘आठवड्याभरात मेल येईल’ हे ऐकून ते परत येतं, आणि मेल येत नाही. फोन केला तर ‘प्रोसेस चालू आहे.’ या भरवशावर ते जवळ चालून आलेलं काम सोडतं. तुरीच्या राशीला घरी थांबावं की पुण्यात खोली बघावी, हे ठरत नाही. पारावर रोज एकच विचारणा : ‘काय झालं रे पुण्याचं?’ घेतलं नाही, असं सांगता येतं. काहीच कळवलं नाही, हे कुणाला पटत नाही.

नावाजलेल्या कंपन्यांतही वाट पाहणं चुकत नाही. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतल्या सुमारे दोन हजार नव्या अभियंत्यांना ऑफर लेटर देऊनही दोन वर्षं रुजू करून घेतलं नाही, अशी तक्रार पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली. दिलेला शब्द पाळू, असं कंपनीने सांगितलं आणि पुढे रुजू होण्याच्या तारखाही दिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रातल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना मात्र अंतर्गत चाचणी पास न झाल्यामुळे घरी जावं लागलं. चाचणीची अट घालण्याचा कंपनीला अधिकार आहे. पण वयाच्या बाविशीत कुणाची दोन वर्षं अडकवून ठेवण्याचा अधिकार तिला कुणी दिला?

सरकारी भरतीत तर याहून वाईट घडलं. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१ (जे) मुळे कलबुर्गी-बिदरकडच्या मुलांना कर्नाटकातल्या सरकारी नोकऱ्यांत राखीव वाटा मिळाला. पण कर्नाटकातल्या ५४५ फौजदारांच्या जागांसाठी ३ ऑक्टोबर २०२१ ला झालेल्या परीक्षेतला उत्तरपत्रिकांचा घोटाळा कलबुर्गीच्याच एका केंद्रावरून उघडकीला आला. एप्रिल २०२२ मध्ये परीक्षा रद्द झाली आणि फेरपरीक्षेला २३ जानेवारी २०२४ उजाडलं. ज्यांनी प्रामाणिकपणे पेपर लिहिला होता, त्यांचीही दोन वर्षं गेली आणि ती कुणी भरून दिली नाहीत.

अर्ज हजारोंनी येतात, प्रत्येकाला कसं कळवणार, असं कंपन्या म्हणतात. सगळ्या अर्जदारांचं सोडा. समोर बसवून ज्यांना प्रश्न विचारले, ते तर मोजके असतात. ज्या संगणकाने त्यांना बोलावणं धाडलं, तोच नकारही धाडू शकतो. कॅनडातल्या आँटॅरिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून हा नियमच केला : पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या मालकाने जाहिरात देऊन भरती केली, तर मुलाखत दिलेल्या उमेदवाराला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णयाबद्दल कळवायचं. पण माणसाचा मान राखायला कायदाच हवा असं नाही. गाणगापुरात दुपारी माधुकरी मागितली जाते. त्या वेळी दत्तावतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती कुठल्याही रूपात भिक्षेला येतात, या श्रद्धेमुळे दारात उभ्या माणसाला तिथे कुणी हलकं लेखत नाही. उमेदवार तर काही मागायलाही आलेला नसतो. आपली बुद्धी आणि मेहनत द्यायला आलेला असतो. त्याचा मान त्याहून कमी का असावा?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांनी कंपनीला आवारात घेण्याआधी निकालाची तारीख लेखी मागावी, आणि ती न पाळणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षी बोलावू नये. मुलांनीही मुलाखत संपताना ‘कोणत्या तारखेपर्यंत?’ असं न संकोचता विचारावं, आणि तारीख उलटली की मन मोडून न घेता पुढचं काम धरावं. घेतलेल्यांपेक्षा नाकारलेली मुलं कितीतरी जास्त असतात. कंपनी माणसाशी कशी वागते हे गावोगाव तीच सांगणार आहेत, आणि त्यांच्या धाकट्या भावंडांनी तिथे अर्ज करावा की नाही, हेही त्यांच्याच शब्दावर ठरणार आहे.