आईची ‘गॅप’

आमच्याकडे कंबर धरली की दोन शब्द कानावर येतात. जुनी माणसं म्हणतात, ‘उसण भरली.’ शहरातून तपासून आलेली म्हणतात, ‘मणक्यात गॅप पडली.’ उसण उतरते. एखादा पायाळू माणूस शोधायचा, त्याचा पाय कमरेला लावून घ्यायचा, आणि चार-आठ दिवसांत माणूस पुन्हा कामाला. बहुतेक वेळा ती आपोआपच उतरलेली असते, श्रेय तेवढं पायाळूला मिळतं. गॅपचं तसं नसतं. ती पडली की पडली.

माझ्या आईला ती सहा वर्षांपूर्वी पडली. आम्ही अंबड तालुक्यातले. उसने पैसे घेऊन एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि दोन मिनिटांत सांगितलं, “चकती फुगलीय. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.”

कापूस वेचणाऱ्या बाईला हे सांगितलं होतं. खालची बोंडं गुडघ्याच्या खाली असतात, कमरेला बांधलेली झोळी भरत जाते आणि मजुरी किलोवर मिळते. आई वाकायची थांबली नाही, थांबणं परवडणारं नव्हतं. फरक एवढाच पडला, की ती आता घाबरत वाकायला लागली. प्रत्येक कळ आली की तिला वाटायचं, आत आणखी काहीतरी तुटलं.

बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की तसली फुगलेली चकती कंबर न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसते. 2015 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या 3,110 लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. त्यानुसार पन्नाशीतल्या साधारण 60 टक्के आणि विशीतल्याही 30 टक्के लोकांत चकती फुगलेली दिसते. म्हणजे आईच्या फिल्मवर जे दिसलं, त्यातलं बरंचसं केस पांढरे होण्यासारखं होतं.

हे तिला पहिल्यांदा नीट सांगितलं ते एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं. “मावशी, तुमच्या शेतात रानडुक्कर येतं ना? एकदा त्यानं पीक उद्ध्वस्त केलं, की मचाणावरचा राखणदार नंतर पान हाललं तरी ओरडतो. तो खोटं ओरडत नाही. जास्त ओरडतो. तुमच्या कमरेचा राखणदार मेंदूत बसलाय, आणि सध्या तो पानालाही ओरडतोय.”

आई गप्प झाली. मग म्हणाली, “म्हंजे दुखणं मह्या डोक्यात हाय? मी ढोंग करते व्हय?”

हा निबंध मी त्या प्रश्नासाठी लिहितोय. मुलीनं सांगितलेलं खरं होतं. मग खरं ऐकून आईला अपमान का वाटला?

मला वाटतं, गॅप हा तिचा दाखला होता. ती आधीही ‘दुखतंय’ म्हणायची, तेव्हा ‘कामाचा कंटाळा’ असं ऐकून घ्यायची. राबणाऱ्या बाईच्या शब्दाला आपल्याकडे पुरावा लागतो. फिल्म आली आणि घरानं, मुकादमानं, आणि सांगायला लाज वाटते, मीही तिच्यावर विश्वास ठेवला. आता कुणीतरी तोच दाखला रद्द करत होतं. ज्याच्याकडून पुरावा काढून घ्यायचा, त्याच्या शब्दावर आधी पुराव्याशिवाय विश्वास ठेवायला हवा. नाहीतर ज्ञान देणं आणि खोटं पाडणं यात ऐकणाऱ्याला फरक दिसत नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नोंदवलं, की माणूस ‘मला दुखतंय’ म्हणतो त्याचा मान राखला पाहिजे. आपल्या भाषेत तर ‘वेद’ आणि ‘वेदना’ एकाच धातूतून आले आहेत, विद् म्हणजे जाणणं. वेदना जाणवते ती जाणिवेतच, सगळ्यांची. बोट कापलं तरी दुखणं मेंदूतच तयार होतं. म्हणून ‘मेंदूत’चा अर्थ ‘खोटं’ असा होत नाही.

पण दुसरा धोका उरतोच. जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिल आहेत, हंगामात आमच्या भागातून माणसं ऊस तोडायला जातात. ‘दुखतंय म्हणजे काही मोडलंय असं नाही’ हे वाक्य उद्या मुकादम म्हणाला तर? शब्द तेच, पण फिजिओच्या तोंडी ते भीती काढतं आणि मुकादमाच्या तोंडी विश्रांती काढून घेतं. खरं बोलणं एवढ्यानं भागत नाही. ते ऐकल्यावर माणसाच्या हातात काही जास्त येतं की होतं तेही जातं, हे बघावं लागतं.

संशोधनही नुसत्या बोलण्यावर समाधान मानत नाही. 2002 साली ऑस्ट्रेलियात लॉरिमर मोझली यांनी जुनाट कंबरदुखीच्या 57 रुग्णांवर अभ्यास केला. फिजिओथेरपी आणि वेदनेचं शिक्षण एकत्र मिळालेल्यांचं दुखणं नेहमीच्या उपचारांवरल्यांपेक्षा जास्त कमी झालं. पुढे 2018 मध्ये, नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीत फक्त दोन तास समजावून सांगण्याचा प्रयोग झाला. दुखणं कमी करण्यात तो, असं काही न शिकवता नुसतं ऐकून घेण्यापेक्षा सरस ठरला नाही. 2023 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतही शिक्षण आहे, व्यायाम आहे. कमरेचा पट्टा मात्र नको म्हटलंय.

आईलाही बोलण्यानं पटलं नाही. त्या मुलीनं तिला रिकामी कळशी उचलायला लावली, मग पाव भरलेली, मग अर्धी, तीही आठवडे घेऊन. तिसऱ्या आठवड्यात आई स्वतःच म्हणाली, “मोडली असती तर हे उचललं असतं का?” डोक्याला कमरेनं समजावलं. आधी मुलीनं सगळं तपासूनही घेतलं होतं: पाय लुळा पडतोय का, लघवीवरचा ताबा गेलाय का, ताप येतो का, वजन उतरतंय का. यातलं काही असेल, तर समजावत बसायचं नसतं, लगेच डॉक्टर गाठायचा असतो.

आई अजून वेचणीला जाते. कंबर अजून दुखते, पण ती ‘तुटलं’ म्हणत नाही, ‘आज राखणदार ओरडतोय’ म्हणते आणि झोळी अर्धी भरली की रिकामी करून येते. खेपा दुप्पट होतात, किलो कमी भरतात, मुकादम कुरकुरतो. आम्ही तिला वेदना समजावली. कमी किलोंचे पैसे कुणी भरून द्यायचे, हे आम्हाला अजून कुणी समजावलेलं नाही.