मन वळविण्याची विद्या

पुणे-सोलापूर हमरस्त्यावरून पंढरीची वाट जेथे फुटते त्या टेंभुर्णीच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत बसलेल्या दोन गृहस्थांत गर्भपाताच्या कायद्यावरून एकदा जुंपलेली मी ऐकली. एकाने आरंभीच ‘भ्रूणहत्या’ हा शब्द उच्चारला, दुसऱ्याने ‘पिशवी साफ करणे’ हा. म्हणजे कैफियत ऐकण्यापूर्वीच दोघांनीही निकाल लिहून ठेवला होता.

आयुर्वेदाचार्य चरकाने आपल्या संहितेच्या विमानस्थानात संभाषेचे, म्हणजे वादचर्चेचे, दोन प्रकार सांगितले आहेत: स्नेहाने, जाणून घेण्यासाठी करावयाची ती संधायसंभाषा, आणि जिंकण्यासाठी करावयाची ती विगृह्यसंभाषा. दुसरीत, अल्पश्रुत प्रतिपक्षाला लांबलचक सूत्रपाठाने दडपावे, अशा युक्त्याही त्याने बिनदिक्कत दिल्या आहेत. या वादात तर सूत्रांना तोटाच नाही. आत्मा गर्भाधानाबरोबरच अवतरतो असे खुद्द चरकाचे मत, तर गर्भोपनिषद सातव्या महिन्यात जीवाचा योग सांगते, तेव्हा ज्याला जे वचन हवे ते त्याने खुशाल उचलावे.

परंतु शब्द जिंकला म्हणजे न्याय जिंकला असे होत नाही. गर्भलिंगनिदानाला 1988 मध्ये कायद्याने पायबंद घालण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर ठरला हे भूषणावहच. पण पुढे त्या कार्यासाठी ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा जो शब्द भिंतीभिंतीवर रंगविला गेला, त्याने गर्भलिंग निवडणाऱ्याला जितके लाजविले तितकेच, गर्भपाताच्या 1971 च्या कायद्याने दिलेल्या मुभेप्रमाणे दवाखान्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीलाही खुनी ठरविले, आणि म्हणूनच जाणत्या कार्यकर्त्यांना पुढे ‘लिंगनिवड’ हा निराळा शब्द रूढ करण्याची खटपट करावी लागली. 1971 चा तो कायदा सज्ञान स्त्रीच्या बाबतीत केवळ तिच्याच संमतीची अपेक्षा करतो; व्यवहारात मात्र ‘मालकांना घेऊन या, त्यांची सही लागेल’ हे वाक्य कित्येकींच्या कानी पडते.

टेंभुर्णीहून तासाभराच्या वाटेवरील पंढरपुरास सबजज्ज असलेल्या लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थाने 1875 मध्ये, जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील 1863 च्या अशाच उपक्रमानंतर बारा वर्षांनी, बालहत्या टाळण्यासाठी जे आश्रयस्थान उघडले व जे पुढे प्रार्थनासमाजाने चालविले, त्याची मला या वादात वारंवार आठवण होते. बालहत्येच्या आरोपातील विधवेस पापपुण्य सुनावणे त्यास सहज शक्य होते. त्याऐवजी त्याने तिच्यापुढे एक दार ठेवले. गर्भात जीव कोणत्या महिन्यात येतो, हा प्रश्न त्या दाराशी कोणी घातला असेल असे मला वाटत नाही. तिचे मन वळविण्याची त्याहून सभ्य रीत मला ठाऊक नाही, जरी त्या रीतीतही एक उणीव राहिलीच: त्या मुलांच्या पित्यांची मने वळविण्याची तजवीज कोणी केली नाही, आणि ते महाभाग आषाढीला वाळवंटात टाळ वाजविण्यास मोकळेच राहिले.