मजनू आणि रोडरोमिओ

आमच्या नाशकात कॉलेज सुटायच्या वेळी मुलींच्या मागे गाडी घेऊन फिरणाऱ्या पोराला लोक 'रोडरोमिओ' म्हणतात. जुन्या नाशकात, आमच्या मोहल्ल्यात, त्यालाच 'मजनू' म्हणतात. दोन अजरामर प्रेमिकांची नावे आपण शिवीसारखी वापरतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे, की त्यात काही तथ्यही आहे?

शेक्सपिअरचा रोमिओ नाटकाच्या आरंभी रोझलिनसाठी झुरत असतो. एका रात्री ज्युलिएट दिसते आणि रोझलिन विसरली जाते. तरी पहिल्या ओढीला आपण मोह म्हणतो आणि दुसरीला प्रेम. कारण रोझलिनचा होकार कधी नव्हताच, ज्युलिएटचा होता. निजामीने ११८८ साली फारसीत रचलेल्या काव्यातला मजनू रानोमाळ भटकला. पण लैलाही त्याच्यासाठी तितकीच झुरत होती. त्या वेडाला दोन बाजू होत्या. रस्त्यावरच्या पोराच्या वेडाला एकच बाजू असते.

आपल्या महाराष्ट्रातलीच कथा घ्या. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात गेले आणि मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली. हा केवळ मोह असता तर वर्षा-दोन वर्षांत ओसरला असता. पण बाजीरावांनी तिला शनिवारवाड्यात जागा दिली, १७३४ साली जन्मलेल्या मुलाला आपले म्हटले. पुण्याने मात्र तिला स्वीकारले नाही. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनीच तिला कैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. मागोमाग मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. पोरक्या समशेर बहादुरला काशीबाईंनी वाढवले, असे सांगितले जाते. १७६१ साली तो पानिपतावर जखमी झाला आणि त्यातच गेला. या कथेत आम्हांला सर्वांत मोठे वाटते ते काशीबाईंचे मन. ज्या प्रेमाने त्यांना दुखावले, त्याच प्रेमाच्या मुलाला त्यांनी पदराखाली घेतले. प्रेम कशाला म्हणावे, हे त्यांच्याकडून शिकावे.

मग ओढ खरी असेल तर तिला हक्क मिळतो का? इथे आम्हांला हदीसमधली हजरत बरीरांची हकीकत आठवते. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांना पतीसोबत राहण्याची किंवा वेगळे होण्याची मुभा मिळाली. त्या वेगळ्या झाल्या. पती मुगीस मदिन्याच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत. आसवांनी दाढी भिजे. पैगंबरांनी (स.) बरीरांकडे त्यांच्यासाठी रदबदली केली. बरीरांनी विचारले, हा हुकूम आहे का? नाही, केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला, आणि तो मानला गेला. मुगीस यांचे अश्रू खोटे नव्हते. तरीही त्या अश्रूंपेक्षा एका स्त्रीच्या इच्छेचे वजन अधिक ठरले.

म्हणजे प्रेम आणि मोह यांतला फरक भावनेच्या तीव्रतेत नाही. समोरच्या माणसाच्या 'हो'ला आणि 'नाही'ला आपण किती जागा देतो, यात तो आहे. निकाहात 'कबूल' हा शब्द दोघांकडून घेतात, तो याच कारणासाठी.

पण ही कसोटी फक्त पोरांना लावून आपली सुटका होणार नाही. घरातली मुलगी एखाद्याचे नाव घेते तेव्हा आपण न ऐकताच 'वय वेडं आहे' म्हणतो, कॉलेज बंद करतो, घाईने दुसरीकडे लग्न ठरवतो. कधी ते वय खरेच वेडे असते. पण ते विचारल्याशिवाय कसे कळणार? मुलीची मर्जी न विचारता तिच्या मागे फिरणारा पोरगा आणि मुलीची मर्जी न विचारता तिला उजवणारा बाप, या दोघांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. पहिल्याला आपण मजनू म्हणून हिणवतो. दुसऱ्यासाठी आपल्याकडे अजून शब्दच नाही.